नकोच्या जागी काय ठेवायचं?

तान्हं लेकरू रात्री रडायला लागलं की घरातला जो तो त्याला काहीतरी द्यायला धावतो. आजी गुटीची सहाण काढते, शेजारीण हिंगाची डबी घेऊन येते, कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळतं, आणि उजाडताच बाप गाडी काढून मेडिकलवर जातो. घनसावंगी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करताना हे मी घरोघरी पाहते. या धावपळीमागची माया खरी असते. तरी तिथे गेल्यावर मला बहुतेक वेळा ‘नको’च म्हणावं लागतं. गुटी नको, मध नको, बिब्बा नको, वरचं पाणीसुद्धा नको. आणि या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे: रात्री दोन वाजता नुसत्या ‘नको’ला काही किंमत नसते. लेकरू तर रडतच असतं. त्या ‘नको’च्या जागी घरातल्या माणसांच्या हाताला दुसरं काय काम द्यायचं, ते सांगता आलं तरच सल्ला ऐकला जातो.

आयुष्मान भारत योजना 2018 मध्ये आली आणि तिच्यातून आमच्यासारखे अधिकारी उपकेंद्रांवर आले. महाराष्ट्रात यातले पुष्कळजण माझ्यासारखे बीएएमएस आहेत. गावात तरुण मंडळी मला ‘सीएचओ मॅडम’ म्हणतात, म्हाताऱ्या बाया ‘डॉक्टरीणबाई’. पण तान्ह्या बाळाच्या घरी नेमाने जाते ती आशाताई. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी; घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती झोळीच्या काट्यावर वजन करते, ताप मोजते, एक मिनिटभर श्वास मोजते, दूध कसं पितंय ते पाहते. शंका आली की मला फोन येतो: “मॅडम, लेकरू लई रडतंय. पोटात वारं धरलंय म्हणतेत.”

या गृहभेटींची मुळं महाराष्ट्रातच आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू, तुलनेला घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले. ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली तो निबंध छापून आला आणि 2011 पासून घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. रडणाऱ्या लेकराच्या घरी जाताना मला या कामाचा फार आधार वाटतो, कारण शिकलेला डॉक्टर दूर असताना गावातल्या बाईने नेमकं काय पाहायचं, हे त्यातून ठरून आलं.

ते पाहणं असं: लेकराने दूध ओढणं सोडलंय का, हातपाय लुळे पडलेत का, अंग तापलंय किंवा गार पडलंय का, छाती आत ओढली जातेय का, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त आहे का, बेंबीत पू आहे का, पोट फुगून टणक झालंय का, ते वरचेवर ओकतंय का. आणि रडणं क्षीण झालंय का किंवा थांबलंय का. ही शेवटची खूण मी प्रत्येक घरात दोनदा सांगते. घरची माणसं मोठ्या रडण्याला घाबरतात आणि लेकरू गप्प पडलं की सुटकेचा श्वास टाकतात. आम्हाला धास्ती असते ती दूध न पिता गप्प पडलेल्या लेकराची. खणखणीत आवाजात रडणारं, रडता रडता पाय पोटाशी घेणारं, उचललं की क्षणभर थांबणारं आणि मधल्या वेळात चांगलं दूध पिणारं लेकरू त्रासात असतं, पण बहुधा धोक्यात नसतं. हिरवी उलटी झाली, शौचात रक्त दिसलं, ताप आला किंवा वरच्यापैकी एखादी जरी खूण दिसली, तर मात्र मांडीवर घेऊन बसायचं नाही. 102 किंवा 108 ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा.

धोका नाही एवढं ठरलं की उरतं ते रडणं. ते बहुधा दिवेलागणीला सुरू होतं. दिवसभर शांत झोपलेलं लेकरू ओठ काढतं, लाल होतं, मुठी आवळतं, पोट कडक करतं, वारा सरला की जरा निवळतं आणि पुन्हा सुरू होतं. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात, न बोलणाऱ्या बाळाचं दुखणं कसं ओळखावं हे एकेका आजाराप्रमाणे सांगितलं आहे. त्यात पोटशूळ असलेलं बाळ स्तन सोडून देतं, रडतं, उताणं होऊन अंग मोडतं, त्याचं पोट ताठरतं आणि तोंडाला घाम येतो, असं वर्णन आहे. कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केलेलं हे वर्णन एखाद्या पत्र्याच्या घरात, बल्बच्या उजेडात, जसंच्या तसं समोर दिसतं तेव्हा ते लिहिणाऱ्याबद्दल मनात आदर दाटून येतो. तोही अशाच एखाद्या बाजेशेजारी खूप वेळ बसला असला पाहिजे.

आधुनिक वैद्यकाने याच रडण्याला माप लावलं. अमेरिकेत डॉ. वेसेल यांनी 1954 मध्ये एक व्याख्या मांडली: धडधाकट बाळ दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यात 3 दिवसांहून जास्त, असं 3 आठवडे रडत असेल तर तो कॉलिक. पुढे 1962 मध्ये डॉ. ब्रेझल्टन यांनी 80 आयांना बाळाच्या रडण्याची रोजनिशी ठेवायला सांगितली. त्यातली बाळं निरोगी होती, तरी रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत गेलं, सहाव्या आठवड्यात दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास पोहोचलं आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत ओसरून तासाभरावर आलं. आतड्यांचं कोवळेपण, दुधाबरोबर गिळलेली हवा, जगाच्या गलबल्याने आलेला शीण, अशी कारणं सांगितली जातात. एकच एक कारण सापडलेलं नाही, आणि म्हणूनच एकच एक औषधही नाही.

सहावा आठवडा म्हणजे 42 वा दिवस. आशाताईची शेवटची ठरलेली भेट त्याच दिवशी असते. त्यानंतरच्या गृहभेटी बालकांच्या दुसऱ्या कार्यक्रमात तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सव्वा महिना झाला की बाळंतीण विटाळातून बाहेर पडते, शेक-शेगडी थांबते, बाजेखालची धुरी बंद होते आणि ती चुलीकडे, गोठ्याकडे, कधी माहेराहून सासरी वळते. म्हणजे लेकराचं रडणं सगळ्यात जास्त असतं, नेमक्या त्याच आठवड्यात आईच्या भोवतीची सगळी व्यवस्था उठून जाते. सरकारी वेळापत्रक करणाऱ्यांचा आणि आपल्या पणज्या-खापरपणज्यांचा त्यात दोष नाही. दोघांनीही मृत्यूची भीती जास्त असलेले दिवस राखून धरले, आणि ते बरोबरच होतं. पण रडण्याची शिखरवेळ त्या कुंपणाच्या बाहेर राहिली. हे लक्षात आल्यापासून आमच्या आशाताई शेवटच्या भेटीत निरोप न घेता पुढच्या महिन्याची आखणी करून येतात, आणि मधे एखादा फोन मी करते.

आता त्या ‘नको’कडे येते.

सगळ्यात अवघड ‘नको’ गुटीचा. “तुमच्याच आयुर्वेदातली हाये ना गुटी? मग तुमीच नको कामून म्हणता, डॉक्टरीणबाई?” असं एका आजीने मला सरळ विचारलं होतं. सहाणेवर बदाम, खारीक, हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, अतिविष यांचे मोजून वेढे उगाळताना ज्यांनी उभं आयुष्य काढलं, त्यांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. मी त्यांना सांगितलं ते असं: आजी, काश्यपसंहितेत चाटणाचा अख्खा अध्याय आहे, आणि कुणाला चाटण द्यावं याच्याबरोबर कुणाला देऊ नये याचीही यादी त्यात आहे. म्हणजे द्यायचं की नाही हे लेकरू पाहून ठरवायचं असतं. आज मुळ्या कुठून येतात, त्यांच्यावर कसली बुरशी आहे, सहाण कुठल्या पाण्याने धुतली, हे आपल्याला दिसत नाही. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरचं पाणी ड्रममध्ये चार-चार दिवस असतं. जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर लेकराला गुंगी येते, आणि गुंगीला आपण आराम समजतो. म्हणून सहा महिने अंगावरचं दूध, बाकी काही नाही. आजी गप्प झाल्या, पण त्यांचे हात रिकामे राहिले होते, ते मला दिसत होतं.

मग मी म्हटलं, “आजी, वेढे नको, पण ढेकर तुम्हीच काढायचा. सुनेला नीट जमत नाही.” आजींनी लेकराला खांद्यावर घेतलं, हनुवटीखाली धडपं सारलं आणि तळहाताने पाठीवर खालून वर थापटायला लागल्या. इतका सराईत हात मला कुठल्याच प्रशिक्षणात पाहायला मिळाला नव्हता. त्या दिवसापासून मी कुठल्याही आजीचं काम काढून घेत नाही. बदलून देते.

मेडिकलवरच्या बाटलीचंही तसंच. ग्राइप वॉटर 1851 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने काढलं. त्याच्या कृतीत शेपाचं तेल, खायचा सोडा, साखर आणि मद्यार्क होता. त्यातला शेपा तर आपल्या बाळंतिणी जेवणानंतर मूठमूठ खातात तोच. साखर आणि मद्यार्क पोटात गेल्यावर लेकरू घटकाभर गप्प होणारच. आता मद्यार्क नसल्याचं बाटल्यांवर छापलेलं असतं, पण गोडी असते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला तिची गरज नाही. गॅसचे थेंब म्हणून विकल्या जाणाऱ्या सिमेथिकोनच्याही चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांत ते नुसत्या औषधविरहित थेंबांपेक्षा सरस ठरलं नाही. बापाला हे सांगितलं की तो विचारतो, “मग मी काय करू?” त्याच्याजवळ मोटरसायकल आहे, खिशात शे-दोनशे रुपये आहेत आणि लेकरासाठी काही करावं अशी तळमळ आहे. त्याला काम द्यावंच लागतं.

बिब्ब्याच्या बाबतीत मात्र मी आवाज चढवते. पोटावर तापलेला बिब्बा टेकवला की कातडी भाजते, फोड येतात, त्यातून जंतू आत शिरतात. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्यांना तापलेल्या विळ्याने डागल्याच्या बातम्या अलीकडेही आल्या. फुगलेलं पोट ही जंतुसंसर्गाची खूण असू शकते, आणि त्याच पोटावर डाग देऊन आपण उपचाराचे तास घालवतो. एरंडेलाचे थेंब आणि मध यांनाही माझा ठाम नकार असतो. मधातून येणाऱ्या जंतूंच्या विषाने वर्षाच्या आतलं लेकरू लुळं पडू शकतं. बेंबीभोवती हिंग लावण्यावर मी भांडत नाही. नाळ गळून जखम सुकलेली असावी, लेप गरम नसावा आणि कातडी लाल झाली तर पुसून टाकावा, एवढंच सांगते.

‘नको’च्या जागी आम्ही जे ठेवतो त्याची सुरुवात दूध पाजण्यापासून होते. आशाताई शेजारी बसून पाहते. लेकराने नुसतं बोंड धरलं असेल तर चुकचुक आवाज येतो आणि दुधाबरोबर हवा आत जाते. तोंड मोठं उघडून भोवतीचा काळा भाग आत घेतला, हनुवटी छातीला टेकली की आवाज थांबतो. एक बाजू पुरती रिकामी झाल्यावर दुसरी. मधे आणि शेवटी ढेकर. पाजून लगेच आडवं करायचं नाही. लेकरू रडत असेल तर त्याला आपल्या हातावर पालथं, पोटावर घ्यायचं आणि पाठीवर हात फिरवायचा. उताणं ठेवून गुडघे हळूच पोटाशी न्यायचे, सरळ करायचे, पुन्हा न्यायचे. हात ऊबदार करून बेंबीभोवती हलकेच गोल फिरवायचा. उघड्या छातीवर लेकरू घेऊन वरून लुगडं किंवा चादर पांघरायची. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास कमी वजनाच्या बाळांसाठी सुरू झालेली ही रीत आता आमच्या प्रसूतिगृहांत ‘कांगारू’ नावाने सगळ्या परिचारिकांना ठाऊक आहे. ती बापालाही जमते. आधी बाप लाजतात, आईसमोर सदरा काढून लेकरू घ्यायला संकोचतात. मी त्यांना सांगते, तुमच्या छातीतला आवाज जड आहे, गुणगुणलात की लेकराला तो अंगातून कळतो. एकदा लेकरू तिथे झोपलं की त्या माणसाला पुन्हा सांगावं लागत नाही.

झोप लागल्यावर मात्र लेकरू उताणंच ठेवायचं, पोटावर नाही. झोळीत घातलं तर मान दुमडून हनुवटी छातीला टेकलेली नाही ना, हे पाहायचं. आणि कितीही वैताग आला तरी लेकराला गदागदा हलवायचं नाही. सहन होईनासं झालं तर त्याला सपाट जागी उताणं ठेवून दोन मिनिटं दाराबाहेर उभं राहायचं, किंवा दुसऱ्या माणसाला उठवायचं. हे मी आयांना मुद्दाम मोठ्याने, घरच्यांच्या देखत सांगते. रात्री रडून रडून लेकराचा राग आला म्हणून स्वतःला वाईट आई समजणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यातल्या काहींना मायेचे चार शब्द पुरले. ज्यांची झोप, भूक आणि बोलणं हरवलं होतं त्यांना जालन्याला डॉक्टरांकडे पाठवावं लागलं. बाळंतपणानंतरची उदासी हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे, हे सासूला समजावणं हासुद्धा लेकरू शांत करण्याचाच भाग आहे.

या सगळ्या उपायांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे दुसरं माणूस. त्याची किंमत मला ऊसतोड कुटुंबांनी शिकवली. आमच्या घनसावंगीतून, अंबड, परतूर, मंठा तालुक्यांतून दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या कामावर. तान्हं लेकरू घेऊन गेलेली एक मुलगी फडावरून पहाटे फोन करायची. “मॅडम, रातभर रडलंय. मुकादम उठवायला आलाय.” ती पाजायला बसली की अर्धा कोयता थांबतो, आणि लेकरू गप्प नसेल तर शेजारच्या कोप्यांतली माणसंही झोपत नाहीत. अशा वेळी झोपेचं काहीतरी द्यावंसं वाटलं तर तिला कोण बोल लावेल? शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया लेकरांना अफूची बाळगोळी देत. त्यांना माया कमी नव्हती. त्यांच्याजवळ लेकरू सांभाळायला हात नव्हता. मी त्या मुलीला फोनवर धोक्याच्या खुणा पुन्हा विचारल्या, मग तिच्या नवऱ्याला फोन द्यायला सांगितला, मग टोळीतल्या तिच्या जावेला. जाऊ म्हणाली, “दोन घंटे मी धरते, मॅडम. मग माझी भाकर तिनं थापावी.” त्या तिघांनी रात्र वाटून घेतली. रडणं काही थांबलं नाही, ते आपल्या वेळेनेच ओसरलं. पण लेकराच्या पोटात दुधाशिवाय काही गेलं नाही, आणि त्याच्या आईला रोज सलग दोन तास झोप मिळाली.

म्हणून आता 42 व्या दिवसाच्या आसपास आम्ही घरच्या सगळ्यांना एकत्र बसवतो आणि रात्र वाटून देतो. झोपेपर्यंतचा पहिला पहर आजीचा, ढेकर आणि खांदा तिच्याकडे. मधली रात्र आईची, पण फक्त पाजण्यापुरती. पाजून झालं की लेकरू बापाच्या छातीवर. पहाटेचा वेळ आजोबा किंवा नणंद, जे कुणी लवकर उठत असेल ते. “पुरुष माणसानं रातचं लेकरू धरायचं व्हय?” असं विचारणारे भेटतात. त्यांना मी सांगते, भारनियमनात रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला तुम्ही शेतात जाता, तेव्हा पिकाला पाणी दिल्याचा कमीपणा वाटतो का? बहुतेकजण हसतात आणि ऐकतात.

या कामात दाखवण्यासारखं काही उरत नाही. वजन वाढलं तर कार्डावर रेघ वर जाते, लस दिली तर नोंद होते. रात्रभर लेकरू धरून बसलेल्या माणसाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. आशाताईला सगळ्या भेटी मिळून 250 रुपये मिळतात, आणि ती आजीच्या शेजारी बसून जो अर्धा तास समजावते त्याला त्यात रकाना नाही. तरी मला वाटतं, आमच्या उपकेंद्राचं सगळ्यात मोलाचं काम त्या अर्ध्या तासात होतं. बाळ घरी येणार असेल तर पाळणा, टोपडी, दुपटी यांच्या तयारीबरोबर रात्र कोण कोण वाटून घेणार, हेही आधीच ठरवून ठेवा. सहावा आठवडा सगळ्यात कठीण जाणार आणि तिसऱ्या महिन्यात सुटका होणार, हे आईला आधीच सांगा. मधल्या काळात लेकराला औषधापेक्षा माणसं जास्त लागतात, आणि ती माणसं त्याच घरात असतात. फक्त त्यांना उठवावं लागतं.